वाटेवरचीं पुस्तकें

पोथी उतरून काढणारे जुने लेखक अखेरीस पोथीच्याच तोंडून विनवीत, कीं मला तेलापाण्यापासून जपा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. ज्या समाजावर हा संस्कार आहे, त्यानें आपलें पुस्तक स्थानकाच्या बांकावर किंवा देवळाच्या ओवरींत मुद्दाम सोडून यावें, आणि तें कोणाहि अनोळखी माणसास सांपडो असें इच्छावें, ही कल्पना प्रथम चमत्कारिक वाटते. पण ती हंसण्यावारी नेण्याजोगी खास नाहीं.

अमेरिकेंत २००१ सालीं रॉन हॉर्नबेकर यांनीं 'बुकक्रॉसिंग' या नांवानें तिला पद्धतशीर रूप दिलें. पुस्तकास क्रमांक द्यावयाचा, तें वाटेवर सोडावयाचें, आणि ज्यास सांपडेल त्यानें तो क्रमांक नोंदवून खबर कळवावयाची, अशी ही योजना. तिचा मोठा गुण असा, कीं तिला उंबरठा नाहीं. वाचनालय कितीहि उदार असो, तें नांव, पत्ता व अनामत विचारणारच. आणि अक्षरओळख असूनहि कपाटांपुढें उभें राहण्यास संकोचणारीं माणसें आपल्याकडे थोडीं नाहींत. बांकावरचें पुस्तक कांहींच विचारीत नाहीं. प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, हें सूत्र रंगनाथन यांनीं १९३१ सालीं मांडलें; त्या सूत्राचा हा धीट प्रयोगच म्हणावयाचा.

आतां हा प्रयोग परभणी जिल्ह्यांतील पाथरीस केला तर काय होईल, तें पाहूं. साईबाबांचें जन्मस्थान मानून येथें भाविक येतात. तालुक्याचें ठिकाण असल्यानें खेड्यापाड्यांतील लोकांचाहि राबता आहे. एस. टी.ची वाट पाहणाऱ्यांस वेळ भरपूर. पण बांकावर पुस्तक दिसतांच भला मनुष्य काय समजेल? कोणाचें तरी विसरलें! तें खालीं पडलें असेल, तर उचलून कपाळास लावील, नियंत्रकाच्या खोलींत पोंचतें करील. घरीं मात्र नेणार नाहीं. येथें वाचनाच्या आड त्याचें अज्ञान येत नसून त्याची सचोटी येते. म्हणून पुस्तकाच्या वेष्टणावर 'हें तुमच्यासाठींच आहे' असें ठळक लिहिलें पाहिजे, आणि पाथरीसारख्या गांवीं मराठीबरोबर उर्दूंतहि लिहिलें पाहिजे.

दुसरा दोष देणाराचा आहे. घरांतील अडगळ, गतवर्षींचीं मार्गदर्शकें, रद्दीवाल्यानें नाकारलेले अंक सोडून दानाचें समाधान मिळविणें सोपें आहे. आमचें मत असें, कीं जें देतांना थोडें तरी दुःख होतें, तेंच पुस्तक वाटेवर ठेवावें. शिवाय वाचणारानें खबर द्यावी, हा आग्रहहि आम्हांस रुचत नाहीं. पाणपोईवर पाणी पिणाऱ्यास आपण नांव विचारीत नाहीं.

परंतु पाणपोईचा दाखला दिला, तर तो पुरता लागू केला पाहिजे. रांजण एकदां भरून निघून गेल्यानें पाणपोई होत नाहीं. तो रोज भरणारा कोणी तरी लागतो. सयाजीराव गायकवाडांनीं १९१० सालीं बोर्डन यांस अमेरिकेंतून बडोद्यास आणिलें, आणि पुढें त्या संस्थानांत ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडीं फिरूं लागल्या. पण पेटी ताब्यांत घेणारा व परत धाडणारा मनुष्य तेथें ठरलेला असे. महाबळेश्वर तालुक्यांतील भिलार येथें ४ मे २०१७ रोजीं 'पुस्तकांचं गाव' उभें राहिलें. पंचवीस ठिकाणीं सुमारें पंधरा हजार पुस्तकें मांडलीं गेलीं. तेथेंहि तीं राखणारीं घरें होतीं. वाटेवर सोडलेल्या पुस्तकास असा राखणदार नसतो. तें पहिली तहान लावतें. दुसऱ्या पुस्तकाची सोय त्याजपाशीं नाहीं. तहान लावून पाणी न देणें हें औदार्य नव्हे.

तेव्हां हा उपक्रम वाचनालयाची जागा घेईल असें जे म्हणतात, त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. तो वाचनालयाचें दार दाखवील, तर मात्र त्याचें आम्ही मनापासून स्वागत करूं. एवढ्यासाठीं सोडलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जवळच्या वाचनालयाचें नांव व उघडण्याची वेळ लिहावी. आणि ज्यानें तें लिहिलें, त्यानें त्या वाचनालयाची वर्गणी थकविलेली नसावी!