'अजाइल' पद्धती आणि विमानाचे सॉफ्टवेअर : एक चिकित्सा

पुढे 'तेजस' हे नाव मिळालेल्या हलक्या लढाऊ विमानाने ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूर येथे प्रथम उड्डाण केले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत सतरा तंत्रज्ञांनी 'अजाइल' जाहीरनामा सिद्ध केला. बदलाचे स्वागत करावे, सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालते सॉफ्टवेअर मोलाचे मानावे, असा त्याचा आशय. विमानाच्या सॉफ्टवेअरला ही पद्धती वर्ज्य होय, असे सर्रास म्हटले जाते. त्यासाठी 'डीओ-१७८' या प्रमाणकाचा हवाला दिला जातो. वस्तुतः त्याच्या १९९२ च्या वा २०११ च्या आवृत्तीत विकासाचा कोणताही एक क्रम बंधनकारक नाही. त्यात मागणी आहे ती पुराव्याची.

टप्प्याटप्प्याने पुढे जाणे या क्षेत्राला नवे नाही. तेजसची रचना मुळातच अस्थिर. संगणकाच्या साह्याविना ते उडवता येत नाही. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेचे सहकार्य थांबले, तेव्हा नियंत्रणप्रणालीचे उर्वरित काम भारतीय अभियंत्यांनी देशातच पुरे केले. विमानाच्या उड्डाणमर्यादा क्रमाक्रमाने वाढवत नेल्या गेल्या आणि अंतिम परिचालन मान्यता २०१९ मध्ये मिळाली. नाशिकजवळील ओझर येथून ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालेले 'मार्क-१ए' हे याच मालिकेतील. मात्र येथे प्रत्येक बदलामागे फेरचाचण्यांचा भार असतो. दोन आठवड्यांच्या 'स्प्रिंट'मध्ये तो कसा बसवावा, याविषयी जाहीरनामा मौन पाळतो.

खरी अडचण 'चालते सॉफ्टवेअर' या कसोटीत आहे. ४ जून १९९६ रोजी 'एरियान-५' अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झाला. सदोष भाग 'एरियान-४'वर निर्वेध चालत आला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग बराच अधिक असल्याने चौसष्ट बिटांची संख्या सोळा बिटांत मावली नाही. (उड्डाणानंतर ते गणित आवश्यकही नव्हते.) चौकशी मंडळाला आढळले ते दोन्ही पक्षांना अडचणीचे आहे : त्या संख्येला संरक्षण न देण्याचे कारण प्रोग्राममध्ये नोंदलेले नव्हते, आणि त्यामागचे गृहीतक विपुल कागदपत्रांच्या ढिगात झाकले गेले होते. कागद पुष्कळ असूनही पुरावा हाती लागला नाही.

त्यामुळे प्रत्येक बदलाबरोबर चाचणी करण्याचा अजाइलचा आग्रह येथे उपकारकच ठरावा. प्रश्न उरतो तो स्वातंत्र्याचा. सर्वांत धोकादायक 'ए' स्तरावर अनेक बाबींची पडताळणी मूळ कर्त्याखेरीज अन्य व्यक्तीने करावी, असे प्रमाणक सांगते. ज्या संघात जोडीने प्रोग्राम लिहिला जातो, तेथे शेजारी बसलेला सहकारी हा सहकर्ताच असतो. त्याला परीक्षक मानता येत नाही.