निरोपाचा प्रयोग

एके काळी मी नाट्यपरीक्षणं लिहीत असे. कंपनीवाले पहिल्या रांगेतला पास देत आणि मध्यंतरात बटाटेवडा. पास बंद झाले तशी माझी रसिकताही आटली. पण गेल्या रविवारी घरच्या संगणकावर जो प्रयोग पाहिला, त्याच्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

तिकीट आईनं काढलं होतं, पेन्शनमधून. 'तुमचा संगणक धोक्यात आहे' अशी लाल पाटी रोज कोपऱ्यातून डोकं वर काढायची. आई ब्याऐंशी वर्षांची. आठ दिवस गप्प राहिली आणि नवव्या दिवशी शेजारच्या मुलाला बोलावून अँटिव्हायरसचे वर्षाचे पैसे भरून मोकळी झाली. मला म्हणाली, "अरे, बाबांचे फोटो आहेत ना त्यात!"

त्याच दिवशी तो काढायचं ठरवलं. नाटक 'अनइन्स्टॉल', अंक तीन.

पहिला अंक चटपटीत आहे. यादीतलं नाव निवडून बटण दाबलं की रडवेला प्रश्न येतो : खरंच मला काढणार? खाली हिरवं, पाटाएवढं बटण, 'मला सुरक्षित राहायचंय'. त्याच्याखाली करड्या, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, 'नको, मी धोका पत्करतो'. संवादलेखक हुशार खरा, पण प्रामाणिक नव्हे. नकार देणाऱ्याच्या तोंडी त्यानं मूर्खाचंच वाक्य घातलंय. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा पहारेकरी मुळातच असतो. दुसरा अँटिव्हायरस आला की तो बाजूला होतो, आणि दुसरा गेला की आपणहून कामाला लागतो. एवढं महत्त्वाचं पात्र विंगेत उभं, आणि नाटककार त्याचं नावही काढत नाही! का काढताय, असं विचारणारी एक प्रश्नावलीही आहे. महाग वाटतो, संगणक मंदावतो, इतर. 'आई घाबरते' हा पर्याय नव्हता.

दुसऱ्या अंकात संगणक बंद होऊन सुरू होतो. चित्र गेलेलं, पण बिऱ्हाड जागेवर. उरलेलं फोल्डर पुसायला गेलो तर 'परवानगी नाही'. माझ्याच घरात! इथे मात्र समीक्षकानं न्यायानं वागलं पाहिजे. घरात शिरलेला व्हायरस आधी पहारेकऱ्याचाच गळा धरतो. म्हणून हा गडी थेट कर्नेलमध्ये ड्रायव्हर रोवून बसतो आणि स्वतःच्या फायलींना कुणाला हात लावू देत नाही. मालक कोण आणि चोर कोण, हे त्याला कळायचं कसं? स्वभावरेखा झकास आहे. पण हे एका वाक्यात सांगितलं असतं तर मी त्याला शिव्या दिल्या नसत्या.

तिसरा अंक दुसऱ्याच थिएटरात होतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून काढणीचं वेगळं अवजार उतरवून घ्यायचं, संगणक सेफ मोडमध्ये चालू करायचा (तिथे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर जागे असतात) आणि मग ते चालवायचं. झाडलोट नीट होते. मग हाच झाडू पहिल्या अंकात का दिला नाही? पडदा पडल्यावरही तिकिटाचे पैसे कापले जातात, ते निराळंच. प्रोग्राम काढला म्हणून वर्गणीचं आपोआप नूतनीकरण थांबत नाही. ते खात्यात जाऊन वेगळं बंद करावं लागतं.

या विषयावरचं एक जुनं काम आठवतं. जॉन मॅकअफी यांनी १९८७ साली कंपनी काढली आणि १९९४ साली ते तिच्यातून बाहेर पडले. आपलंच नाव लावणारा अँटिव्हायरस कसा काढावा, याची त्यांनी २०१३ साली चित्रफीत केली. तीत ते शेवटी संगणकावर गोळी झाडतात. आमचा अँटिव्हायरस त्यांच्या नावाचा नव्हता, आणि आमच्या घरात सर्वांत घातक शस्त्र म्हणजे विळी.

संध्याकाळी आई येऊन बसली.

"ते लाल गेलं?"

"गेलं."

"मग आता राखण कोण करतंय?"

मी डिफेंडरची बारकी ढाल दाखवली. आईनं चष्मा सारखा करून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हा काही बोलत नाही का रे?"

"बोलतो, पण काही झालं तरच."

"मग असू दे," आई म्हणाली. "आता फोटो लाव. ते पन्हाळ्याचे."