कानाची साक्ष

संगीतावर लिहिणाऱ्याने आपले वय सांगावे, असा दंडक आपल्याकडे नाही. गायकाचे वय आपण आवर्जून सांगतो. कधी कौतुकासाठी, कधी त्याला सांभाळून घेण्यासाठी. ऐकणाऱ्याचे वय मात्र कुणी विचारत नाही. त्याचा कान ‘तयार’ आहे एवढे कळले की पुरे. ह्या तयार कानाच्या भांडवलावर मी तीस वर्षे लिहीत आलो आहे, आणि आज त्याच भांडवलाचा हिशेब द्यायला बसलो आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो: माझे वय ६७ आहे.

निवृत्तीनंतर मला हेडफोनचा नाद लागला. नाद हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यावा. दोन खोल्यांचे घर, भिंतीपलीकडे परीक्षेला बसलेली मुले, आणि दरबारी ऐकायची तर वेळ मध्यरात्रीची. अशा माणसाला दुसरा मार्ग नसतो. हा नाद लागलेल्या मंडळींत दोन तट आहेत, हे मला लवकरच कळले. एक तट म्हणतो, हेडफोन कानाला लावण्याआधी त्याचा आलेख पाहा. कोणत्या कंपनसंख्येला तो किती डेसिबल देतो ते कागदावर स्पष्ट दिसते, मग तुमच्या विशेषणांची गरज काय? दुसरा म्हणतो, आलेख काय गाणे ऐकतो? हा दुसरा तट पहिल्याला कोरडा म्हणतो, पहिला ह्याला भाबडा म्हणतो. मी कुठल्या बाजूला होतो हे सांगायला नकोच. साहित्यात वाढलेला माणूस आकड्यांच्या बाजूने सहसा उभा राहत नाही. आणि राहिलाच तर आपले ‘घरंदाज गायकी’चे लेखक वामनराव देशपांडे ह्यांच्यासारखा, ज्यांचा व्यवसायच हिशेबतपासनिसाचा होता. त्यांनी १९६१ साली स्वर आणि लय ह्या दोन टोकांच्या मध्ये एकेक घराणे नेमून बसवले, तेव्हा कित्येक रसिकांना ते फार काटेकोर वाटले असेल. मला ते पुस्तक आवडायचे, पण त्यातली आखणी सोडून.

दोन वर्षांपूर्वी मी एका हेडफोनवर लेख लिहिला. त्याचे नाव इथे सांगत नाही. दोष त्याचा नव्हता. माझ्याजवळ १९८८ सालच्या एका खाजगी बैठकीची टेप आहे. त्या बैठकीला मी हजर होतो, वय ३०, गायकापासून दहा फुटांवर मांडी घालून बसलेला. ती टेप मी ह्या हेडफोनवर ऐकली आणि तानपुऱ्याची जवारी अशी काही उघडली की मी लिहून गेलो: ‘त्या रात्रीचा तानपुरा मला पस्तीस वर्षांनी परत मिळाला.’ वाक्य मला फार आवडले होते. ते वाचून माझ्या एका मित्राच्या मुलीने तो हेडफोन घेतला. ती २६ वर्षांची, गाणे शिकणारी. शिकवण्यांतून साठवलेले चाळीस हजार रुपये तिने त्यात घातले. महिन्याभराने तिचे पत्र आले. ‘काका, माझं काही चुकतंय का? तानपुरा टोचतो. अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं.’ मी तिला उत्तर लिहिले की कान तयार व्हावा लागतो, सहा महिने ऐकत राहा. ह्या उत्तराला तिचे उत्तर आले नाही, आणि त्या मौनाचा अर्थ मी सोयीस्करपणे ‘पटले’ असा घेतला.

माझा भाचा पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो. गेल्या गणपतीत तो घरी आला असताना मी त्याच्यापुढे हा हेडफोन मिरवला. त्याने पाच मिनिटे ऐकला, काढून ठेवला आणि संगणकावर त्याचा आलेख उघडला. सहा ते आठ हजार हर्ट्झच्या दरम्यान तिथे एक सुळका होता. मी म्हटले, सुळका तर तीन हजारालाही आहे, त्याचे काय? तो हसला. तीन हजाराचा उंचवटा असायलाच हवा, म्हणाला; तो आपल्या कानाचाच आहे. कानाची नळी ही एका बाजूने बंद असलेली नळी. बासरीसारखीच तीही एका ठरावीक स्वराला घुमते, आणि तो स्वर तीन हजार हर्ट्झच्या आसपास पडतो. समोर कुणी गात असेल तर तो आवाज पडद्यापर्यंत पोचेतो तिथे दहा-पंधरा डेसिबलांनी वाढलेला असतो. जन्मापासून आपण असेच ऐकत आलो, म्हणून तो वाढावा आपल्याला कळत नाही. हेडफोनने तेवढे द्यावेच लागते; नाही दिले तर गायक घोंगडीआडून गातो आहे असे वाटते. म्हणजे ‘सपाट’ आलेख हा चांगल्या हेडफोनचा आलेख नव्हेच. ही गोष्ट मला नवीन होती, आणि मी नाही म्हटले तरी जरा चिडलो.

‘पण मग किती उंच, किती सखल, हे ठरवले कुणी? तुमच्या यंत्राने?’

‘नाही मामा. माणसांनी. ऐकून.’

इथे मला थांबावे लागले. अमेरिकेतल्या हार्मन ह्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी ह्यांनी २०१२ च्या सुमारास हे काम सुरू केले. हेडफोनचे वजन, गादीचा स्पर्श, नावाचा शिक्का, ह्यांतले काहीही ऐकणाऱ्याला कळू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली: सगळ्यांच्या कानांवर एकच हेडफोन, आणि त्याच्यातून निरनिराळ्या हेडफोनांच्या आवाजाची नक्कल. ऐकणाऱ्याने फक्त सांगायचे, कोणता बरा वाटला. अशा शेकडो पसंतींतून जी रेषा निघाली तिलाच आज आलेखवाले प्रमाण मानतात. ज्या रेषेच्या नावाने ते आम्हां कानवाल्यांना गप्प बसवतात ती रेषाच कानांनी काढलेली आहे! पुढे २०१९ साली ऑलिव्ह ह्यांनी ऐकणाऱ्यांची वर्गवारी केली तेव्हा १०० तले ६४ त्या रेषेच्या जवळचे निघाले, १५ जणांना तीहून जास्त खर्ज हवा होता, आणि २१ जणांना कमी. ह्या शेवटच्या गटात स्त्रिया आणि पन्नाशी उलटलेले लोक अधिक होते. भाच्याने हे वाक्य माझ्याकडे न बघता वाचले.

आपल्याकडे हा झगडा जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. तारेची लांबी मोजून श्रुतीची कंपनसंख्या काढायची, ही त्यांची रीत. पण तार कुठे दाबायची हे कोण सांगणार? ते सांगितले अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याने. मोजपट्टी देवलांची, साक्ष खाँसाहेबांची. पुढे ह्या श्रुती पेटीत बसवल्या गेल्या आणि १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्यांवरून वाद झाला. गळ्यातून निघालेली श्रुती लाकडात जखडली की ती त्या गळ्याची राहत नाही. उलट दिशेचे उदाहरणही आहे. मिरजेचे कारागीर घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी लावत आले ते निव्वळ कानाने. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ च्या सुमारास तारेचे हे वागणे तपासले तेव्हा त्यांना दिसले की जे उपस्वर नियमाप्रमाणे उठायलाच नकोत तेही ह्या घोडीवर उठतात. कारागिराला त्या नियमाची गंधवार्ता नव्हती. नियमाला मात्र कारागिराची दखल घ्यावी लागली.

हे मी मोठ्या उत्साहाने भाच्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

पहिला प्रयोग वायरीचा. मी हेडफोनला चार हजारांची वायर घेतली होती आणि तिने ‘स्वराला गोलाई’ येते असे माझे मत होते. भाच्याने दोन्ही वायरींचा आवाज आधी मोजून सारखा केला. अर्ध्या डेसिबलाचा फरकसुद्धा मोठा म्हणून कळत नाही, चांगला म्हणून कळतो, असे त्याचे म्हणणे. मग सोळा वेळा विचारले. मी नऊ वेळा बरोबर सांगितले. नाणे उडवले असते तरी आठ आले असते. दुसरा प्रयोग त्या सुळक्याचा: हेडफोन एकच, पण कधी आहे तसा, कधी संगणकावर सुळका छाटून. इथे मी सोळांत पंधरा वेळा ओळखले. माझी मान ताठ झाली. ‘आणि आवडला कोणता?’ सुळक्याचा, मी म्हटले. दर वेळी सुळक्याचाच. भाचा काही बोलला नाही. निघताना एवढेच म्हणाला, ‘मामा, कान तपासून घ्या एकदा.’

तपासणीत आणखी एक आलेख हाती आला, हा माझा. दोन हजारापर्यंत ठीक, चार हजाराला उतरण, आणि आठ हजाराला ४५ डेसिबलांची दरी. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आहे. ते कागद मी घरी आणले आणि हेडफोनच्या आलेखाशेजारी ठेवले. जिथे माझी दरी तिथेच त्याचा सुळका. दरी भरून निघण्याइतका तो उंच नव्हता, पण काठावरून थोडा उजेड आत पडावा इतका होता.

माझे ते वाक्य मी पुन्हा वाचले. तिशीतल्या कानाने जवारीची जी झळाळी ऐकली होती तिचा काही भाग मला परत मिळाला होता, हे खरे होते. काळी एकच्या पट्टीतला खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळपास. त्यातून उठणारा स्वयंभू गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे ३४५. तो मला आजही स्वच्छ ऐकू येतो. पण तारेची जी धग वर हजारो हर्ट्झपर्यंत जाते ती माझ्याकडून कधी निसटली ते मला कळलेच नाही, आणि जे निसटले ते मी हेडफोनचा गुण म्हणून पुन्हा विकत घेतले. माझी साक्ष खोटी नव्हती. तिच्यावर साक्षीदाराचे नाव नव्हते. २६ वर्षांच्या मुलीला तो सुळका सुईसारखाच लागणार होता. तिने जे ऐकले ते तिने बरोबर सांगितले, आणि मी ‘तयारी’ ह्या शब्दाने तिचे तोंड बंद केले. आमच्या समीक्षेत ह्या शब्दाने किती जणांची तोंडे बंद केली असतील कोण जाणे. हार्मनमध्येच ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल ह्यांनी १९९४ साली दाखवले होते की स्पीकर डोळ्यांना दिसत असला की ऐकणाऱ्याचे गुण बदलतात. मला तर हेडफोन दिसत होता, किंमत ठाऊक होती, आणि शिवाय १९८८ सालची ती रात्रही समोर उभी होती.

तरी आलेखवाल्यांशी माझे भांडण संपलेले नाही. ६४ जणांची पसंती ही उरलेल्या ३६ जणांची चूक होत नाही. शिवाय आठ-दहा हजाराच्या वर हेडफोन डोक्यावर जरा सरकला तरी आकडे बदलतात, हे ते स्वतःच मान्य करतात. माझ्या चष्म्याची दांडी गादीखाली फट पाडते आणि खर्ज पातळ होतो. मोजणीच्या पुतळ्याला चष्मा नसतो. पण हे सगळे मला कळले ते मोजणाऱ्यांकडूनच. नुसते ऐकून मी ‘खर्जात माया कमी’ असे काहीतरी लिहून मोकळा झालो असतो.

त्या मुलीला मी पत्र लिहिले. माफी मागितली, माझ्या कानाच्या तपासणीची नक्कल जोडली, आणि सुळका छाटण्याचे आकडे भाच्याकडून मागवून पाठवले. सोबत त्या बैठकीचे ध्वनिमुद्रणही दिले. आठ दिवसांनी तिचे उत्तर आले. आता डोके दुखत नाही, तासन्‌तास ऐकते, असे होते. खाली आणखी दोन ओळी: ‘काका, बारा मिनिटांनंतर जोडाची एक तार किंचित उतरलीय. पुढे कुणीतरी ती हळूच लावून घेतं. तुमच्या लक्षात आलं होतं?’

आले नव्हते. त्या रात्रीही नाही, नंतर इतक्या वेळा टेप ऐकूनही नाही. रात्री चष्मा काढून हेडफोन लावला आणि बाराव्या मिनिटाशी गेलो. जोडाच्या दोन तारांमध्ये एक संथ हेलकावा होता. त्याला वरच्या कंपनांची गरज नव्हती, माझ्या कानाला सहज पेलणारा. मिनिटभराने मणी सरकवल्याचा बारीक आवाज आला आणि हेलकावा थांबला.