वेदना मोजायची कुणी?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, जखम भरते, पण कित्येक स्त्रियांचं दुखणं मागे राहतं. ते टाळता येईल का, हे कॅनडातल्या ‘प्लॅन’ चाचणीने तपासायला घेतलं. शस्त्रक्रियेत शिरेतून कुणाला लिडोकेन, कुणाला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते रुग्णालाही ठाऊक नाही. ही शिस्त आम्हाला मान्यच आहे. आमचा प्रश्न पुढचा. मुख्य हिशेब ३ महिन्यांनंतरच्या दुखण्याचा. एकीला केस विंचरायला हात वर नेता येत नाही, दुसरीला त्या कुशीवर झोपता येत नाही. मोजणीत दोघी सारख्याच! मोजणी हवीच, पण आकडा खाली आला, तर हात कुणाचा वर गेला आणि झोप कुणाला लागली, हे त्यांनाच विचारायला हवं ना?