८३ पट की १२५ पट? दोन कॅमेरे आणि पल्लीकरणैची पाणथळ

कॅमेऱ्याच्या खोक्यावर झूमचा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो सर्वांत शेवटी वाचावा. निकॉनचा कूलपिक्स पी९०० (२०१५) ८३ पट झूमचा होता. २०१८ मध्ये आलेला पी१००० हा १२५ पट झूमचा आहे. २०२५ च्या पी११०० चे झूमही तेवढेच आहे, त्यामुळे पुढचा हिशेब त्यालाही लागू होतो.

परीक्षेसाठी जागा घेऊ चेन्नईच्या दक्षिणेची पल्लीकरणैची पाणथळ (२०२२ पासून रामसर स्थळ). हिवाळ्यात येथे रोहित आणि लहान किनारपक्षी उतरतात. चिखलात शिरता येत नाही, म्हणून पाहणारा कडेलाच थांबतो. तामिळनाडूतच कोडिक्कराईला मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अनेक वर्षे पक्ष्यांच्या पायांत कडी घालत आली आहे. असा खुणेचा पक्षी २०० मीटरवर दिसला, तर खुणेवरचे अक्षर वाचता येईल का? अक्षर वाचता आले तर ती नोंद होते. नाही तर तो नुसता फोटो.

दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर १/२.३ इंची, १.६ कोटी पिक्सेलचा. झूमच्या टोकाला पी९०० चे प्रत्यक्ष नाभीय अंतर ३५७ मिमी आणि ॲपर्चर एफ/६.५, भागाकार केला की भिंगाचे परिणामी तोंड सुमारे ५५ मिमी येते. पी१००० मध्ये ५३९ मिमी आणि एफ/८, म्हणजे सुमारे ६७ मिमी. आता विवर्तनाचे सूत्र लावा (१.२२ × तरंगलांबी ÷ व्यास. हिरव्या प्रकाशासाठी ०.५५ मायक्रोमीटर). २०० मीटरवर पी९०० सुमारे २.४ मिमी अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकतो, पी१००० सुमारे २ मिमी. प्रतिमा दीडपट मोठी झाली, पण तपशील जेमतेम सव्वापट वाढला. पी९०० चा एक पिक्सेल तेथे पाऊण मिलिमीटरच व्यापतो. म्हणजे अडचण पिक्सेलची नव्हतीच, भिंगाच्या तोंडाची होती.

या सव्वापटीची किंमतही मोजावी लागते. एफ/८ ला प्रत्येक पिक्सेलवर प्रकाश दीडपट कमी पडतो. वजन ८९९ ग्रॅमवरून १,४१५ ग्रॅमवर गेले. चौकटीत मावणारा प्रदेश २०० मीटरवर सुमारे ३.५ मीटरऐवजी २.३ मीटर रुंद, त्यामुळे उडता पक्षी सापडणेच कठीण. आणि ऊन चढले की पाण्यावरची तापलेली हवा थरथरू लागते. मग दोन्ही कॅमेरे सारखेच आंधळे.

पी१००० ची खरी सुधारणा जाहिरातीत मागे राहते: तो रॉ फाइल देतो, पी९०० देत नाही. पहाटेच्या अपुऱ्या प्रकाशात, हवा स्थिर असताना काढलेल्या फोटोतून अक्षर उकलायचे तर ही फाइल झूमच्या जास्तीच्या पटींपेक्षा अधिक उपयोगी. केवळ झूमसाठी पी९०० विकून पी१००० घेणे मला पटत नाही.