पाकिटाची मागची बाजू

दहिसरच्या आमच्या घरात पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा आहे. त्यात आईने बियांची रिकामी पाकिटं जमवून ठेवली आहेत. बी पेरलं की पाकीट केरात, ही जगाची रीत तिने पाळली नाही. बागेच्या कागदांचं आयुष्य तसं एका हंगामाचं असतं. नवी किंमतयादी आली की जुनी रद्दीत जाते, आणि म्हणूनच असा कागद कुठे टिकलेला दिसला की मला फार आनंद होतो. 1876 साली फिलाडेल्फियात निघालेल्या बर्पी या बियाणे कंपनीचे कागद आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत जपलेले आहेत. आपल्याकडे पुण्यात पेस्तनजी पोचा यांची बियाण्यांची पेढी 1884 पासूनची. तेव्हापासून आजवर या मुलुखात बियांची किती पाकिटं छापली गेली असतील आणि किती पावसात विरघळली असतील! त्यातली साठेक आमच्या डब्यात उरली आहेत.

त्यातलं झेंडूचं पाकीट मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. दर्शनी बाजूला एकच फूल आहे, कडेपर्यंत भरलेलं. पानं नाहीत, देठ नाही, माती नाही. चित्रकाराने पाकळ्यांच्या चुण्या एकीत एक अशा रंगवल्यात की आतल्या घडीत केशरी रंग जवळजवळ लाल होतो आणि कडेला हळदीवर येतो. खरा झेंडू हातात घेतला तर रंगाची ही उतरण त्यात असतेच, फक्त आपण ती बघत नाही, कारण झेंडू आपल्याला ढिगाने भेटतो. ढिगातून एक फूल उचलून डोळ्यांसमोर धरणं हे या चित्राचं काम, आणि ते त्याने चोख केलं आहे. फुलावर नाव छापलंय ‘आफ्रिकन मेरीगोल्ड’. झेंडूचं मूळ घर मेक्सिको. इंग्रजीत त्याला आफ्रिकेचा ठरवलं, आणि आपण त्याला दसऱ्याच्या तोरणात असा गुंफला की तो बाहेरून आला हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. तीन खंडांचा हा प्रवास तळहाताएवढ्या कागदावर मावला आहे.

फुलाचं चित्र दाखवून रोप विकायची कला जुनी आहे. लंडनजवळ केन्सिंग्टनला रॉबर्ट फर्बर नावाचा रोपवाटिकावाला होता. 1730 साली त्याने बारा महिन्यांचे बारा पुष्पगुच्छ छापले. पीटर कास्टील्स या फ्लेमिश चित्रकाराकडून ते रंगवून घेतले होते. एकेका गुच्छात त्या त्या महिन्याची फुलं, प्रत्येक फुलाला क्रमांक आणि खाली नावांची यादी. अशी चारशेहून अधिक फुलं. किंमत कुठेही नाही. आपल्या बारमाशांत जसा महिना बदलला की विरहिणीच्या अंगणातलं सगळं बदलतं, तसं या चित्रांत फुलदाणीतलं सगळं बदलतं. गिऱ्हाइकाच्या मनात बाराही महिने काहीतरी फुलत राहावं, एवढीच त्याची मागणी. जाहिरात इतकी सुंदर असू शकते! फक्त ते बारा महिने इंग्लंडचे आहेत. त्यात आषाढ नाही.

आपल्या पाकिटाची मागची बाजू मला प्रिय आहे ती इथे. तिथे एक बारीक तक्ता असतो. उगवण किती दिवसांत, रोपाची उंची किती, दोन रोपांत अंतर किती. आणि पेरणीच्या वेळेचे दोन रकाने, डोंगराळ भाग आणि मैदानी भाग. पिटुनियाच्या पाकिटावर डोंगराळ भागासमोर मार्चपासूनचे महिने येतात. म्हणजे तिथे वेळ जवळपास विलायतेचीच. मैदानी रकान्यात मात्र सप्टेंबर-ऑक्टोबर. वसंताच्या तोंडावर पेरायचं फूल कुणीतरी उचलून शरदात आणून ठेवलं. पाऊस सरल्यावर आपल्याकडे जी थोडीशी थंडी पडते, तीच या परदेशी फुलांची वसंतातली ऊब, हे कुणातरी माळ्याच्या ध्यानात आलं. त्याआधी किती वाफे कुजले असतील, किती रोपं उन्हाने माना टाकून बसली असतील. त्या सगळ्या हंगामांचा निष्कर्ष दोन शब्दांत छापलेला आहे. पुढच्या बाजूचं चित्र मोह घालतं, पण मागच्या तक्त्यात या मातीची ओळख आहे. माझ्या लेखी खरी कारागिरी तीच.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत हाच बदल मोठ्या अक्षरांत वाचायला मिळतो. पश्चिम भारताची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 ची. तिची बाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि 1862 साली भायखळ्याची बाग खुली झाली. आराखडा, वाटांची वळणं, प्रवेशाची कमान, सगळं युरोपच्या वळणाचं. पण चार पावलं आत गेलं की गोरखचिंच, कैलासपती, सीता-अशोक भेटतात आणि आराखडा विसरायला होतो. तिथला उर्वशीचा वृक्ष बघावा. हा मूळचा ब्रह्मदेशचा. लेडी ॲमहर्स्ट यांच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं. इंग्लंडात त्याच्या फुलासाठी श्रीमंत बागवाल्यांत चुरस लागली होती. अखेर 1849 साली लंडनजवळ ईलिंगला मिसेस लॉरेन्स यांच्या उष्णगृहात काचेखाली ते फुललं. भायखळ्याला त्याला काच लागत नाही. कोवळी पानं तांबूस, ओल्या ओढणीसारखी खाली लोंबतात. फुलांचे घोस उलटे टांगलेले, लाल पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका. नृत्याच्या मध्यात थांबलेल्या या झाडाला मराठीने ‘उर्वशी’ म्हटलं. लेडी ॲमहर्स्ट कोण, हे ठाऊक नसलं तरी काही अडत नाही. सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी अमेरिकेची. सदाफुलीच्या नावातच तिची हमी दिलेली आहे आणि ती हमी ती पाळतेही. पाकिटावरचा तक्ता जे काम ऋतूचं करतो, तेच ही नावं भाषेत करतात.

आमच्या दहिसरला मात्र मैदानी रकानाही पुरता लागू पडत नाही. इथे खाडीची खारी हवा आणि नदीच्या वरच्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. थंडी येते तीही उशिरा, पाहुण्यासारखी. छापील तारखेला पेरलेल्या स्वीट पीला फेब्रुवारीतच चटका बसतो. पहाटे वसईकडून येणाऱ्या लोकलच्या मालडब्यात दादरच्या बाजारासाठी चाफ्या-मोगऱ्याच्या टोपल्या दिसतात, त्या बागायतदारांना हे तक्ते वाचावे लागत नाहीत. त्यांच्या हातालाच वेळ कळते. आईने ती वेळ हळूहळू शिकून घेतली आणि पाकिटांवर शिसपेन्सिलने लिहीत गेली. पिटुनियावर आहे, ‘बी धुळीसारखं, बारीक वाळूत मिसळून’. स्वीट पीवर फुली.

झेंडूच्या पाकिटावर छापलेल्या महिन्यांखाली तिने रेघ ओढली आहे आणि लिहिलंय, ‘नागपंचमीच्या आत’. मी एकदा बोटांवर मोजून पाहिलं. श्रावण शुद्ध पंचमीपासून आश्विन शुद्ध दशमीपर्यंत दोन महिने आणि पाच तिथी. झेंडूला बी ते फूल व्हायला लागतात साधारण तेवढेच दिवस.