स्वयंरचित मुख्य विषय : अक्कलकोटच्या भाषास्थितीच्या संदर्भात एक विचार

पदवीचा मुख्य विषय विद्यार्थ्याने स्वतः घडवावा, ही कल्पना आपल्याकडे नवी वाटत असली तरी अन्यत्र ती जुनीच आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने १९६९ साली सर्वांना सक्तीच्या असलेल्या विषयांचे बंधन काढून टाकले. ज्याचा प्रश्न कोणत्याही एका विभागात सामावत नाही, अशा विद्यार्थ्याला तेथे अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली आपल्या मुख्य विषयाची आखणी करता येते. आपल्याकडे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यात आंतरविद्याशाखीय मुख्य विषयास स्थान मिळाले असून त्याचे उदाहरण म्हणून अर्थमितीचा उल्लेख आहे. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि गणित यांतील श्रेयांकांनी तो विषय सिद्ध होतो.

हे उदाहरण निर्दोष आहे. परंतु अर्थमिती हे आधीच घडलेले आणि नाव लाभलेले शास्त्र होय. ज्या प्रश्नाला अद्याप विभाग नाही, त्याचे काय करावयाचे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. असा एक प्रश्न अक्कलकोट तालुक्यात उभा आहे.

या तालुक्यात मराठी आणि कन्नड पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. कन्नड माध्यमाच्या शाळाही येथे आहेत. सार्वजनिक जीवनात मात्र या भाषास्थितीचा विचार प्रामुख्याने एकाच अंगाने झाला : तालुका कोणत्या भाषेचा? १९६७च्या महाजन आयोगाच्या अहवालाने अक्कलकोट म्हैसूर राज्यास जोडण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला. त्या वादाचा निवाडा येथे अभिप्रेत नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की भाषा एकमेकींचे पर्याय म्हणून मांडणारा अभ्यासक्रमही नकळत तोच प्रश्न विचारतो. विद्यार्थी एक भाषा पत्करतो आणि दुसरी सोडतो. दोन्ही भाषा एकमेकींना कशा घडवीत आल्या, हे विचारण्यास त्याला जागाच उरत नाही.

असा विचार किती फलदायी ठरतो, हे सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा तो निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. कुपवाडमधील कन्नड, मराठी आणि उर्दू यांची रचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. शब्दसंग्रह मात्र ज्याचा त्याचा वेगळा राहिला होता. रचना का जुळली याचे कारण रोजच्या व्यवहारात सापडते. शब्द वेगळे का राहिले याचे कारण जातिधर्मांनी वेगळ्या राखलेल्या घरांत. व्याकरण आणि समाजशास्त्र यांपैकी एकही वगळले, तर निष्कर्ष अर्धाच हाती लागतो.

काळाच्या दिशेने मागे गेल्यासही हेच प्रत्ययास येते. अक्कलकोटाशेजारच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे, शके ९४०चा (इ. स. १०१८) मराठी शिलालेख आहे. आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. सोलापूर जिल्ह्यात कन्नड शिलालेखही विपुल आहेत. या सामग्रीकडे समग्रपणे पाहू इच्छिणाऱ्यास दोन्ही भाषा, लिपिशास्त्र आणि चालुक्यकालीन इतिहास यांना एकत्र आणावेच लागेल.

येथे एक आक्षेप संभवतो. अशा मोकळिकीतून चार विषयांचे वरवरचे ज्ञान घेतलेला पदवीधर निर्माण होईल, असे म्हटले जाते. हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या कार्यात सापडते. कोसंबी मूळचे गणिती. आहत नाण्यांची वजने त्यांनी संख्याशास्त्राच्या कसोटीस लावली. प्राचीन समाजाच्या जिज्ञासेने ते संस्कृत ग्रंथांकडे आणि क्षेत्रीय पाहणीकडेही वळले. १९५६चा त्यांचा भारतीय इतिहासावरील ग्रंथ अशा साधनेतून सिद्ध झाला. अनेक शास्त्रांत संचार करताना त्यांच्यापाशी एका शास्त्राची पक्की शिस्त होती, हे विसरता येत नाही.

म्हणून स्वयंरचित विषयास मान्यता देताना दोन कसोट्या असाव्यात. प्रश्न आधी लिहून मागवावा, आणि ज्या विषयावाचून तो सुटू शकतो तो विषय आखणीतून गाळावा. तसेच निदान एका शास्त्राचे पद्धतिज्ञान त्या शास्त्राच्या अध्यापकाने परीक्षून पाहावे. विषय विद्यार्थ्याने निवडावा. कस कोणता लावावयाचा, हे मात्र शास्त्राने ठरवावे.

या कसोट्यांना उतरणारे विद्यार्थी अक्कलकोटात मिळणे अवघड नाही. घरी कन्नड बोलणारा आणि मराठीत शिकलेला मुलगा बी. ए.च्या वर्गात येतो, तेव्हा त्याच्या मराठीतील कन्नड वळण आपण तांबड्या शाईने दुरुस्त करतो. ते वळण हीच त्याच्या अभ्यासाची पहिली सामग्री आहे, हे त्याला सांगण्याची सोय आजच्या चौकटीत नाही. ती सोय ज्या दिवशी होईल, त्या दिवशी या धोरणातील आंतरविद्याशाखीयतेला खरा अर्थ प्राप्त होईल.